बांधावरचा साग आणि परवानगी

वरती एकाने लिहिलंय की बांधावरचा निंब तोडला तर कोणी विचारलं नाही, मग सागालाच कसला त्रास. अहो, १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याला एक अनुसूची आहे, त्यात साग, आंबा, चिंच, मोह, खैर, जांभूळ आहे, आपल्याकडचा अंजनपण आहे, निंब-बाभूळ नाही. झाड तुमच्याच वावरातलं असलं तरी अनुसूचीतल्याला परवानगी लागते.

पण परवानगी मिळाली म्हणजे सुटलो असं कोणी समजू नका, तोडणं वेगळं आणि तोडलेलं लाकूड न्यायचा वाहतूक पास वेगळा. आम्ही यावलकडे वडिलांनी लावलेले ११ साग काढले तेव्हा हेच झालं, सातबाऱ्यावर झाडांची नोंदच नव्हती म्हणून पास अडला, ती नोंद लावण्यात सगळा उन्हाळा गेला, लाकूड बांधावर पडून, दोन ओंडक्यांना वाळवी लागली आणि व्यापाऱ्याने तेवढंच निमित्त धरून भाव पाडला (तो तसाही पाडणारच होता म्हणा). आता ई-पीक पाहणीत (मोबाईलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवायची सरकारी सोय) बांधावरची झाडं टाकता येतात, तोडायचं मनात नसलं तरी आत्ताच टाकून ठेवा भो. बांबूवाल्यांची मजा आहे, २०१७ पासून जंगलाबाहेरचा बांबू वन कायद्याच्या व्याख्येत झाडच राहिला नाही.