क्लेअरची कॉफी आणि तपास

क्लिओ कॉइलच्या 'कॉफीहाउस मिस्ट्रीज' या रहस्यकथांच्या मालिकेबद्दल 'यात खुनापेक्षा कॉफीच जास्त' असं एक मत वाचलं, ते मला पटलं नाही. मालिकेची नायिका क्लेअर कोझी न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमध्ये कॉफीहाउस चालवते. २००३ च्या पहिल्या पुस्तकात तिची सहायक बेशुद्ध सापडते, सगळीकडे कॉफीचा चुरा सांडलेला. पोलीस अपघात म्हणून मोकळे होतात. क्लेअरला ते पटत नाही, कारण दुकानातल्या माणसांना ती रोज पाहत असते. आपल्या पुण्यातल्या 'वैशाली' हॉटेलात नाही का, नेहमीच्या टेबलावर आज कोण आलं नाही हे वाढप्याला लगेच कळतं! कॉफी काढून टाकली तर तपासच उरणार नाही. (क्लिओ कॉइल हे एका नवरा-बायकोचं टोपणनाव आहे, दोघं मिळून लिहितात.) पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या पाककृतीही वगळू नका, मी त्यातल्या दोन करून पाहिल्यात.