वाणाच्या काचेच्या वाट्यांवर घरीच नावे कोरायची आहेत, सल्ला हवा

गोदाकाठ (परभणी):
नमस्कार. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काचेच्या लहान वाट्या वाण म्हणून द्याव्यात आणि प्रत्येक वाटीवर त्या त्या बाईचे नाव कोरलेले असावे, असे मनात आहे. वाट्या तीस आहेत. पूर्वी भांड्यांच्या दुकानात पितळेच्या आणि स्टीलच्या भांड्यांवर लगेच नाव घालून मिळत असे. काचेवर तसे काम घरी जमेल का, हे जाणून घ्यायचे आहे. एचिंग क्रीम (काच खाऊन तिच्यावर खुणा उमटवणारे मलम) घ्यावे की फिरत्या टोकाने कोरणारे छोटे रोटरी मशीन, याचा निर्णय होत नाही. घरात सात वर्षांचा मुलगा आहे आणि नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येते, हे लक्षात घेऊन कृपया सल्ला द्यावा.

गंजगोलाई (लातूर):
ताई, सर्वप्रथम एक सांगतो. भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडे या वाट्या मुळीच नेऊ नका, कारण त्याच्या मशीनची सुई बारीक ठोके देत चालते आणि पातळ काच ते सहन करत नाही.

क्रीम किंवा मशीन घेण्याआधी काच तपासा. ओव्हनमध्ये चालणाऱ्या बोरोसिलिकेट काचेवर क्रीमचा परिणाम फिका आणि डागाळ येतो. टफन्ड काच तर पूर्णपणे टाळावी, कारण तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो व वरचा थर खोल कापला गेला की सबंध वाटीचे क्षणात तुकडे होतात. साधी, स्वस्त, किंचित जाड बुडाची काच या कामाला सर्वांत चांगली.

क्रीम वापरायचे तर अक्षरांसाठी गाडीच्या नंबरप्लेटवर नावे कापून देणाऱ्या रेडियमवाल्याकडे जावे. तो संगणकावर अक्षरे जुळवून स्टिकर कापून देतो. आपल्याला मात्र अक्षरे नकोत, अक्षरे काढून घेतल्यावर उरलेली चौकट हवी, हे त्याला दोनदा सांगावे लागते. मी एकदाच सांगितले होते आणि पहिला ताव वाया गेला. व, ब, ष, ठ या अक्षरांच्या पोटातले तुकडे सुटे असतात, म्हणून वर ट्रान्सफर टेप (स्टिकर उचलून जागेवर बसवायची चिकट पट्टी) लावून सगळे एकदमच काचेवर उतरवावे. 'लक्ष्मी', 'प्रज्ञा' अशी जोडाक्षरे बारीक आकारात नुसता ठिपका होतात, त्यामुळे अक्षराची उंची दीड सेंटिमीटरच्या खाली नेऊ नये.

खरी अडचण शिरोरेषेची आहे. वाटी खाली निमुळती असते, आणि सरळ पट्टी तिच्या अंगावर चिकटवली की शिरोरेषा धनुष्यासारखी वाकते. इंग्रजी अक्षरांना वर जोडणारी रेघ नसल्यामुळे त्यांत हा दोष तितका उघडा पडत नाही, आपल्या लिपीत तो लगेच डोळ्यांत भरतो. माझ्या मते नाव अंगावर घालण्यापेक्षा बुडाला, बाहेरच्या बाजूने, उलटे कोरावे, म्हणजे वाटीत वरून पाहिल्यावर ते सुलट वाचता येईल. आतली बाजू गुळगुळीतच राहावी, कारण खरखरीत काचेत हळद आणि तेल शिरले की डाग सहजी निघत नाही.

माजी प्राध्यापक (नांदेड):
मी रसायनशास्त्र शिकवत असे, म्हणून क्रीमबद्दल लिहितो. त्यात अमोनियम बायफ्लोराइडसारखे क्षार असतात आणि काच खाण्याचे काम त्यांतून तयार होणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल करते. विद्या जुनी आहे. न्यूरेंबर्गच्या हाइनरिश श्वानहार्ट याने 1670 मध्ये काच अशी कोरल्याचे सांगितले जाते, आणि शेले या रसायनशास्त्रज्ञाने 1771 मध्ये या आम्लाचा अभ्यास केला. धोका असा की कातडीला ते लागले तरी कित्येकदा सुरुवातीला दुखत नाही, आणि दुखू लागेपर्यंत फ्लोराइड आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला बांधू लागलेले असते. लागल्यास पाण्याच्या धारेखाली लगेच आणि भरपूर धुणे, कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावणे आणि दुखण्याची वाट न पाहता दवाखाना गाठणे एवढेच करता येते.

आपल्याकडे वाहते पाणी नाही आणि लहान मूल आहे. या दोन कारणांनी मी क्रीमला स्पष्ट नकार देईन. ज्यांना वापरायचेच आहे त्यांनी हातमोजे व चष्मा घालून, हवेशीर जागी आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेपुरतेच वापरावे. धुतलेले पाणी चुन्याच्या निवळीत मिसळावे, म्हणजे फ्लोराइडचा साका खाली बसतो. मराठवाड्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात आधीच फ्लोराइड जास्त आहे, त्यात आपण भर घालू नये.

गोदाकाठ (परभणी):
सर, आभार. क्रीमचा विचार सोडला. मशीनने कोरताना पाणी लावावे लागते असे ऐकले आहे. विजेचे मशीन आणि पाणी हे एकत्र कसे सांभाळायचे? आणि बुडाला उलटे नाव हाताने काढायचे तरी कसे?

गंजगोलाई (लातूर):
उलटे लिहिण्याची गरजच नाही. बटर पेपरवर नाव सुलट लिहा आणि तो कागद लिहिलेली बाजू वर ठेवून वाटीच्या आत बुडाला चिकटवा. वाटी पालथी केली की कागदातून तेच नाव आपोआप उलटे दिसते. त्यावरून फक्त गिरवायचे. बुडाला कडे किंवा खोलगट भाग असेल तर टोक तिथपर्यंत पोचते का, ते आधी पाहून घ्या.

एक ते दोन मिलिमीटर गोल टोकाचा डायमंड बिट (मशीनला लावायचे, हिऱ्याची भुकटी बसवलेले टोक) घ्यावा. काचेचे बूड मधूनमधून ओल्या स्पंजने पुसावे. मशीनवर किंवा वायरवर पाणी अजिबात जाऊ देऊ नये. पाण्यामुळे काच तापत नाही आणि भुकटी उडत नाही. ही भुकटी फुप्फुसाला वाईट असते, म्हणून एन-95 मास्क आणि चष्मा दोन्ही हवेत, आणि मुलाला त्या खोलीत येऊ देऊ नये. वेग कमी ठेवावा व जोर लावू नये. एकाच खोल रेघेपेक्षा तीन हलक्या रेघा सुबक येतात. काच ओली असताना रेघ पुसट दिसते, म्हणून घाबरून पुन्हा खोल कोरू नका, वाळली की ती पांढरी उमटते.

औरंगपुरा (छत्रपती संभाजीनगर):
तीस वाट्या हाताने कोरताना मनगट भरून येईल. काचेच्या दारांवर नक्षी काढणारे कारागीर वाळूच्या फवाऱ्याने काम करतात. या पद्धतीचे पेटंट टिल्घमन या अमेरिकी माणसाने 1870 मध्ये घेतले होते. स्टिकर घरी लावावेत, बाकीची काच जाड टेपने झाकावी आणि फवारा मारण्यासाठी वाट्या त्यांच्याकडे द्याव्यात.

गोदाकाठ (परभणी):
काल लोणच्याच्या रिकाम्या बरणीवर सराव केला. 'मंगल'मधला अनुस्वार पहिल्यांदा घसरून स्वल्पविरामासारखा झाला, तिसऱ्यांदा बरा आला. जोडाक्षरांची सहा नावे स्टिकर लावून काचवाल्याकडे देणार आहे, उरलेली चोवीस रोज दोन याप्रमाणे घरी कोरेन. रेडियमवाल्याला चौकट हवी आहे, हे दोनदा सांगितले.