ब्लॅकलिस्टला मराठीत काय म्हणायचं : काळी यादी, बंदी की वगळणे?

लॅबकर
आमच्या शाळेच्या लॅबमधे जुन्या मशीनवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय, आणि कुठला ड्रायव्हर चालू होताना आपोआप लोड व्हावा नि कुठला नाही याची मराठीत एक पानाची टिपण भिंतीवर लावायचीये. टर्मिनलमधे रिकाम्या ओळीवर बॅकस्पेस दाबला की मशीन पीं करतं आणि पोरं मुद्दाम दाबत बसतात, म्हणून ड्रायव्हर लोड करायच्या सेटिंगच्या मॉडप्रोब-डी फोल्डरात फाइल करून "ब्लॅकलिस्ट पीसीएसपीकेआर" अशी ओळ घातली, पीसीएसपीकेआर म्हणजे मशीनच्या आतल्या स्पीकरचा ड्रायव्हर. आता ही ओळ समजावताना "या ड्रायव्हरवर बंदी घातली" असं लिहिलं तर चालेल का? काळी यादी मला पेपरातल्या ठेकेदारांसारखं वाटतं.

उंबरठा
बंदी नका लिहू सर, अर्थच चुकतो. मशीन चालू होताना हार्डवेअर सापडलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याची ओळख जाहीर करतो, त्यात कंपनीचा नंबर असतो, इंटेलचा ८०८६, एनव्हिडियाचा १०डीई असे, मग यूडेव हा हार्डवेअरवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम ती ओळख घेऊन मॉड्यूलच्या (ड्रायव्हर असतो ती कर्नलची सुटी फाइल) एलियसशी जुळवून बघतो आणि जुळलं की तो मॉड्यूल मेमरीत चढतो. एलियस म्हणजे आपलं उर्फ, सातबाऱ्यावर असतं तसं. ब्लॅकलिस्टची ओळ एवढंच सांगते की या मॉड्यूलच्या अंगच्या उर्फ नावांनी हाक आली तर ओ देऊ नकोस. पण कोणी खऱ्या नावाने मॉडप्रोब केलं, म्हणजे मॉड्यूल चढवायची कमांड दिली, तर तो येतो, आणि दुसऱ्या मॉड्यूलला त्याची गरज लागली तरी येतो. नुसतं ब्लूटूथ हे मॉड्यूल ब्लॅकलिस्ट केलंत आणि त्यावर अवलंबून असलेला बीटीयूएसबी (यूएसबीवरच्या ब्लूटूथचा ड्रायव्हर) मोकळा ठेवलात तर बीटीयूएसबी चढताना ब्लूटूथला सोबत घेऊनच चढतो. ही कसली बंदी? याला मी वगळणे म्हणेन, मतदार यादीतून नाव वगळतात तसं, नाव वगळलं तरी माणूस गावात असतोच.

देवनागरी_रोज
मग वाळीत टाकणे का नको? अस्सल शब्द आहे, आणि वाळीत टाकलेल्याला कोणी बोलवत नाही हे तर अगदी जुळतं.

उंबरठा
जुळतं हे खरं, पण नको. वाळीत टाकणं हा आपल्याकडे अजून जिवंत अन्याय आहे, त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा करावा लागला, तो शब्द शाळेतल्या भिंतीवर ड्रायव्हरसाठी सहज वापरला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. लिनक्स कर्नलवाल्यांनीसुद्धा २०२० मधे नव्या कोडसाठी ब्लॅकलिस्टऐवजी डिनायलिस्ट, ब्लॉकलिस्ट असे शब्द सुचवले, मॉडप्रोबच्या फाइलीत मात्र जुनाच शब्द लिहावा लागतो.

टर्मिनलवाली
उंबरठा म्हणतायत ते बरोबर, फक्त खरी बंदी पण आहे तिला वेगळा शब्द राखून ठेवा. "इन्स्टॉल पीसीएसपीकेआर /बिन/फॉल्स" अशी ओळ घातली की मॉडप्रोब मॉड्यूल चढवायच्या ऐवजी ती फॉल्स कमांड चालवतो आणि हात हलवत परत येतो, आणि बूटच्या ओळीत (मशीन चालू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत) मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट= लिहिलं तर खुद्द कर्नलच नाकारतो. याला मज्जाव छान बसतो, "आत येण्यास मज्जाव" ही पाटी सगळ्यांनी वाचलेली असते. यात गंमत अशी की ओळीत शब्द इन्स्टॉल आणि अर्थ अगदी उलटा, त्यामुळे टिपणीत ही ओळ नीट फोड करून लिहा नाहीतर पोरं नक्की गोंधळतील.

आणि लोड ला लोडच ठेवणार का? आपण "ड्रायव्हर टाकला" म्हणतो तेव्हा तो डिस्कवर आला, मेमरीत नाही. म्हणून मी टाकणे-काढणे डिस्कसाठी ठेवते आणि चढवणे-उतरवणे मेमरीसाठी. वगळलेला ड्रायव्हर काढलेला नसतो, डिस्कवर तसाच पडून असतो, एवढं कळलं तरी निम्मे प्रश्न मिटतात. चालक मात्र नको, चालक म्हटलं की एसटीतले चालक-वाहकच डोळ्यापुढे येतात, ड्रायव्हर सगळ्यांना कळतो.

लॅबकर
चढवणे-उतरवणे एकदम पटलं. पण ताई, एका मशीनवर एनव्हिडियाचं कार्ड आहे, तिथे नूवो हा त्या कार्डाचा ड्रायव्हर वगळला, रीबूट केलं, तरी एलएसमॉडमधे (चढलेल्या मॉड्यूलची यादी दाखवणारी कमांड) नूवो दिसतोच. मग वगळला असं तरी कसं म्हणू?

टर्मिनलवाली
कारण मशीन आधी इनिटरॅमएफएस उघडतं, मूळ डिस्क हाताशी यायच्या आधी लागणारे ड्रायव्हर आणि त्यांच्या सेटिंगची प्रत त्यात बांधलेली असते. याला मी क्लासमधे शिदोरी म्हणते. तुम्ही घरातली भाजी बदललीत, पण बांधलेली शिदोरी जुनीच. रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) होऊन अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवा, फेडोरावर असाल तर ड्रॅकट -एफ, शिदोरी नव्याने बांधली जाईल, मग रीबूट.

लॅबकर
गेला नूवो! टिपणीत आता असं लिहितोय : "हा ड्रायव्हर आपोआप चढण्यातून वगळला आहे. नाव घेऊन बोलावल्यास चढेल. शिदोरी पुन्हा बांधायला विसरू नये." आणि मॉड्यूल्स-लोड-डी मधल्या यादीला, म्हणजे हार्डवेअरने हाक मारो न मारो चढवायचेच असतात त्यांना, "न चुकता चढवायचे" लिहिलंय. याहून आटोपशीर शब्द कोणाकडे असेल तर सांगा, लॅमिनेशन सोमवारी आहे.