शिक्रा की पावशा? एकाच पक्ष्याला ॲपने दोन नावं दिलीत

पानगळ
नमस्कार मंडळी, दोन फोटो जोडलेत, दोन्ही एकाच पक्ष्याचे, मोबाइलचा झूम पार शेवटपर्यंत ताणून काढलेत त्यामुळे फाटलेत थोडे. पावसाळा संपत आलेला, सकाळची वेळ, पक्षी दाट झाडीच्या कडेला उंच फांदीवर आणि ऊन त्याच्या मागून. आकार पारव्याएवढा. पहिल्या फोटोत तो बाजूने दिसतोय, पाठ तपकिरी-करडी, छाती पांढरट आणि तिच्यावर थेंबांसारखे तपकिरी ठिपके, शेपटी लांब आणि पट्ट्यांची, डोळा पिवळा. दुसरा फोटो खालून काढलाय, त्यात जवळपास नुसती काळी आकृतीच आहे. बुलबुलांनी त्याच्याभोवती कालवा मांडला होता म्हणून तर माझं लक्ष वर गेलं.

पहिला फोटो ॲपमध्ये टाकला तर पावशा पहिला आला, दुसरा क्रॉप करून टाकला तर शिक्रा. शिक्रा शिकारी पक्षी, पावशा कोकिळेच्या कुळातला, इतका फरक कसा काय? मला नुसतं नाव नकोय, अशा फोटोत नेमकं बघायचं काय ते समजून घ्यायचंय.

घारघिरट्या
पहिल्या नजरेत मला शिक्राच वाटतोय, पहिल्या वर्षातला. मोठ्या शिक्र्याच्या छातीवर आडव्या बारीक तांबूस रेघा असतात पण लहान वयात तिथे असेच तपकिरी थेंब असतात, शेपटीवर पट्टे, आणि बुलबुल एवढे चवताळलेत म्हणजे शिकारी पक्षी असणारच. एक सांगा, गळ्यावर मधोमध एक उभी काळसर रेघ दिसतेय का? शिक्र्याला ती असते. मला फोटोत काहीतरी गडद दिसतंय पण सावली पण असू शकते.

माळटिटवी
घारघिरट्या, तुम्ही म्हणताय तसे थेंब शिक्र्याच्या पिल्लाला असतात हे अगदी बरोबर, पण तसेच थेंब पावशाच्या पिल्लाला पण असतात, आणि गळ्यावर गडद रेघोट्या त्यालाही असू शकतात, म्हणून या जोडीत छातीवरून काही ठरवायचंच नाही असं माझं मत आहे. पावशाचं सगळं रूपच शिक्र्यासारखं आहे, मोठा झाल्यावर करडी पाठ आणि छातीवर तांबूस छटा, लहानपणी तपकिरी ठिपके, दोन्ही वयात तो शिक्र्याची नक्कल वठवतो. उडतो पण तसाच, चार-पाच वेळा पंख मारायचे, मग तरंगायचं आणि शेवटी वर झेप घेऊन फांदीवर बसायचं.

बुलबुलांचा पुरावा तर मी बाजूलाच ठेवीन. छोटे पक्षी पावशाला बघूनही शिक्रा आल्यासारखा आरडाओरडा करतात, त्यांची पण तीच फसगत होते जी आपली होते. त्यात पावशा अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात, तेव्हा त्याच्यामागे ओरडत लागणारे पक्षी कमी नसतात.

आता पहिला फोटो मोठा करून चेहऱ्यावर या. चोच बघा. शिक्र्याची चोच आखूड असते आणि मुळापासूनच खाली वळायला लागते, बुडाशी पिवळी मेणासारखी त्वचा असते. तुमच्या फोटोत चोच बरीच पुढेपर्यंत सरळ गेलीय आणि टोकाला जेमतेम वाकलीय. फोटो कितीही धूसर असू दे, हा आकार बहुतेक वेळा टिकून राहतो. मग डोळा. तुम्ही लिहिलंय डोळा पिवळा, पण पिवळा नेमका कुठे आहे ते बघा, बुबुळ पिवळं आहे की बुबुळाच्या बाहेर पापणीची कडा पिवळी आहे? शिक्र्याच्या पिल्लाचं बुबुळच पिवळट असतं. पावशाच्या पिल्लाचा डोळा गडद आणि त्याच्याभोवती पिवळी कडी. लहान फोटोत दोन्ही "पिवळा डोळा" म्हणूनच दिसतात, पण तुमच्या फोटोत मला मधे मोठा काळा ठिपका आणि बाहेर बारीक पिवळं वर्तुळ दिसतंय.

तिसरं म्हणजे पाय. शिक्रा ताठ बसतो आणि त्याचे लांब पिवळे पाय पोटाखाली स्पष्ट दिसतात. पावशाचे पाय आखूड, बसला की पोटाच्या पिसांत जवळपास गडप होतात आणि पक्षी फांदीवर ओणवा टेकल्यासारखा दिसतो, पंख थोडे खाली सोडलेले. म्हणजे कधीकधी पावशाही ताठ बसतो, त्यामुळे बसण्याची ढब एकटी पुरत नाही, पण चोच आणि डोळ्यासोबत धरली तर वजन वाढतं. माझं उत्तर पावशा, या वर्षीचं पिल्लू. पायाच्या बोटांचा एखादा फोटो आहे का?

पानगळ
माळटिटवी ताई, डोळ्याचं तुम्ही सांगितल्यावर परत मोठं करून बघितलं, खरंच बाहेर कडी आहे आणि आत गडद, माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. बर्स्टमधल्या, म्हणजे बटण दाबून धरून लागोपाठ काढलेल्या, अजून काही फ्रेम्स फोनमध्ये आहेत, खराब म्हणून इथे टाकल्या नव्हत्या, त्यातल्या दोन आता जोडतो. एकात तो दुसऱ्या फांदीवर उतरतोय, उतरल्यावर त्याने शेपटी दोन्ही बाजूंना हलवली होती. दुसऱ्यात एक पाय दिसतोय, फांदीवर पुढे दोन बोटं दिसतायत, तिसरं असेल तर मागे लपलंय.

माळटिटवी
झालं की मग. शिक्र्याची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं, कोकिळेच्या कुळात दोन पुढे दोन मागे. तुमच्या फ्रेममध्ये फांदी पायाला झाकत नाहीये, तिसरं बोट पुढे असतं तर दिसलं असतं. शिवाय उतरल्यावर शेपटी डावी-उजवी हलवणं ही पावशाची सवयच आहे. या "खराब" फ्रेम्स तुमच्या सगळ्यात कामाच्या निघाल्या, म्हणून माझी सगळ्यांना विनंती असते की फक्त सुंदर फोटो निवडून टाकू नका, होत्या नव्हत्या सगळ्या फ्रेम्स द्या.

उजेडवेडा
पक्षी झाला, आता ॲपने दोन नावं का दिली त्यावर लिहितो कारण मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या फोटोत प्रकाश मागून आहे, म्हणजे ॲपला नुसता बाह्याकार मिळाला, लांब शेपटी आणि गोल डोकं, आणि खालून बघताना चोच बाजूने दिसत नाही त्यामुळे सरळ की वाकडी ते कळतच नाही. जे आपल्याला दिसत नाही ते ॲपलाही दिसत नाही, पण ते पहिलं नाव तर कुठलंतरी देणारच. दुसरं, मर्लिनसारखं ॲप ठिकाण आणि तारीख विचारतं आणि तिथे त्या काळात कोणते पक्षी नोंदले गेलेत ते धरून उत्तर देतं, ते चुकीचं भरलं तर यादीच बदलते. क्रॉप करून सेव्ह केलेल्या किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तारीख-ठिकाण बऱ्याचदा गळून पडतं, तेव्हा तपासून हाताने भरा.

आणि मोबाइलच्या झूमबद्दल मनापासून सांगतो, पूर्ण झूमला फोन जे दाखवतो त्यातलं बरंच काही फोनने स्वतः गुळगुळीत केलेलं किंवा धारदार केलेलं असतं. नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, घालवताना छातीवरच्या बारीक रेघा पुसल्या जातात, मग कोणी लिहितं "छाती साधी आहे" आणि सगळी चर्चा भलतीकडे. उलट शार्पनिंग जास्त झालं की गडद डोक्याच्या कडेला एक खोटी पांढरी रेघ उमटते आणि लोक तिला भुवई समजतात! जास्त उजेडात पांढऱ्या पोटावरचे फिकट पट्टे उडून जातात ते वेगळंच. एआय वापरून फोटो "क्लिअर" करणारी ॲप तर ओळखीसाठी अजिबात वापरू नका, ती पिसं काढत नाहीत, रचतात.

रानजाई
मधेच विचारते, मग रंग बघायचाच नाही का? मी तर पक्षी रंगानेच शोधते, आणि माझ्याकडे तर शिंजिराचे पण असे फोटो आहेत ज्यात तो चक्क काळा आहे.

माळटिटवी
रानजाई, रंग बघायचा, पण शेवटी बघायचा. जांभळ्या शिंजिराच्या नराची चमक पिसांच्या रचनेतून येते, उजेड योग्य कोनातून पडला तरच जांभळा-निळा दिसतो, नाहीतर काळाच. त्याच नराचा विणीबाहेरचा पेहराव मादीसारखा असतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक गडद पट्टा, त्यामुळे तो तिसराच कुठलातरी पक्षी वाटतो. शिंजिराच्या कपाळावर कधी कधी फुलातले पिवळे परागकण चिकटलेले असतात आणि लोक पिवळ्या कपाळाचा नवा पक्षी शोधत बसतात. पानांतून झिरपणाऱ्या उजेडात पांढरं पोट हिरवट होतं. चिखलातल्या पक्ष्यांचं तर विचारूच नका, छोट्या टिलव्याचे पाय काळे आणि टेमिंकच्या टिलव्याचे पिवळट, पण चिखल माखला की दोघांचे पाय सारखेच. म्हणून आधी चोच, पाय, शेपटीची लांबी, पंखाची टोकं शेपटीवर कुठवर पोचतात हे बघायचं, मग रंग.

घारघिरट्या
आकारालाही एक जपून, तो एका फ्रेमवर ठरवू नका. घारीची शेपटी दुभागलेली असते हे सगळ्यांना माहीत आहे, पण वळताना ती शेपटी पूर्ण पसरते आणि खाच जवळपास नाहीशी होते. नेमका तोच फोटो आला तर लोक तिला ब्राह्मणी घारीचं पिल्लू म्हणतात, कारण त्याची शेपटी गोल असते आणि अंगही तपकिरीच. म्हणून उडत्या शिकारी पक्ष्याची जमतील तेवढी फ्रेम्स काढा, पंख वर, पंख खाली, वळताना, सगळ्या. आणि पानगळ, बोटांचा फोटो बघून मी पण पावशाच म्हणतो.

पानगळ
सगळ्यांचे खूप आभार, एवढं बारकाईने कोणी समजावून सांगितलं नव्हतं. शेवटचं एक विचारतो, यातला कोणता फोटो नोंदीला लावू? आणि नुसता दुसरा फोटोच हातात असता तर काय लिहायचं?

माळटिटवी
चेहऱ्याचा, पायाचा आणि उतरतानाचा असे तिन्ही लावा, शेरा म्हणून डोळ्याची कडी आणि शेपटी हलवणं लिहा. नुसता दुसरा असता तर मी जातीचं नाव लिहिलंच नसतं. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर दोन जातींची नावं मधे तिरकी रेघ देऊन किंवा नुसतं गटाचं नाव अशी नोंद करायची सोय आहे, पण ती सोय जवळच्या जातींसाठी, शिक्रा की बेसरा असा घोळ असेल तिथे. शिक्रा की पावशा असा घोळ दोन वेगळ्या गणांतला आहे, आयनॅचरलिस्टवर, जिथे फोटोतला जीव लोक मिळून ओळखतात, एकाने शिक्रा आणि दुसऱ्याने पावशा म्हटलं तर नोंद मागे सरकत थेट "पक्षी" वर जाऊन थांबते, मग तिसऱ्या-चौथ्या माणसाची वाट बघायची. तिथे दोन तृतीयांशांपेक्षा जास्त लोकांचं एकमत लागतं, त्यामुळे ओळख पटली नसेल तर "मलाही असंच वाटतं" म्हणून बटण दाबू नका.

क्रॉप कॉपीवर करा, मूळ फाइल तशीच ठेवा. आणि उतरतानाच्या फ्रेममध्ये शेपटी पसरलीय ना, ती पूर्ण साइजमध्ये इथे टाकाल का, टोकाजवळचा रुंद गडद पट्टा आणि त्याखालची तांबूस कडा किती दिसतेय ते मला बघायचंय.