ओरिओल्सच्या मायनर लीगमधील होतकरू खेळाडूंची प्रगती धावफलकावरून कशी जोखावी?

पहाटेचा प्रेक्षक:

काही वर्षे मेरिलँडमध्ये नोकरी करून मी पुण्याला परतलो असलो, तरी बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा नाद सुटलेला नाही. तिकडे संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी सुरू होणारा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे चार पस्तीसला सुरू होतो. त्यामुळे थेट सामना क्वचितच पाहता येतो आणि सकाळी चहाबरोबर नॉरफोक, बोवी (हा संघ २०२५पासून चेसापीक या नावाने खेळतो) आणि डेलमार्वा येथील मायनर लीगच्या, म्हणजे मुख्य संघासाठी खेळाडू घडवणाऱ्या खालच्या संघांचे धावफलक वाचण्यावरच समाधान मानावे लागते. मुख्य संघापेक्षा मला या खालच्या संघांतच अधिक गोडी वाटते.

अडचण अशी आहे की, धावफलकावरून बांधलेले माझे अंदाज वारंवार चुकीचे ठरतात. जॅक्सन हॉलिडे याने २०२३च्या एकाच हंगामात मायनर लीगच्या चारही पायऱ्या (खालून वर डेलमार्वा, अ‍ॅबर्डीन, बोवी, नॉरफोक) ओलांडल्या आणि त्याची एकूण सरासरी .३२३ राहिली, म्हणजे हजार अ‍ॅट-बॅटमागे (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या खेपांमागे) ३२३ हिट (बेस गाठून देणारे फटके); पुढच्या एप्रिलमध्ये मुख्य संघात आल्यावर मात्र ३४ अ‍ॅट-बॅटमध्ये त्याला अवघे दोन हिट मिळाले आणि त्याला परत पाठवावे लागले. कोबी मेयोने २०२४मध्ये नॉरफोककडून २२ होमरन (कुंपणापार जाणारे फटके) मारले, पण त्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये त्याची सरासरी .०९८ होती. याच्या अगदी उलट, गनर हेंडरसन २०२१मध्ये अ‍ॅबर्डीनला .२३०च्या आसपास चाचपडत होता आणि दोन वर्षांनी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित म्हणून त्याची एकमताने निवड झाली.

असे असेल तर धावफलकातील नेमके काय वाचावे आणि कशाकडे दुर्लक्ष करावे? ‘बेसबॉल अमेरिका’ किंवा ‘एमएलबी पाइपलाइन’ यांच्या होतकरू खेळाडूंच्या याद्यांतील क्रमांकांना किती महत्त्व द्यावे?

आकडेमोड:

तुम्ही दिलेली तिन्ही उदाहरणे उत्तम आहेत, परंतु तिन्हींमध्ये तुम्ही सरासरीकडे आणि होमरनकडे पाहिले आहे. मी सर्वप्रथम खेळाडूचे वय आणि त्याची पायरी एकत्र पाहतो. हॉलिडे बोवीला खेळला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, तर डबल ए या बोवीच्या पायरीवरचे बहुतेक खेळाडू तेविशी-चोविशीतले असतात. एकोणीस वर्षांच्या मुलाने तेथे काढलेली .२७०ची सरासरी ही पंचवीस वर्षांच्या, त्याच पायरीवर दुसऱ्यांदा खेळणाऱ्या फलंदाजाच्या .३१०पेक्षा मला मोलाची वाटते.

त्यानंतर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणे) आणि वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) यांचे प्रमाण पाहावे. मैदानात पडलेला चेंडू हिट ठरतो की नाही, हे क्षेत्ररक्षकांवर आणि बऱ्याच अंशी नशिबावर अवलंबून असते. म्हणून सरासरी स्थिर होण्यास शेकडो पाळ्या (फलंदाजीला येण्याच्या खेपा) लागतात. स्ट्राइकआउटचे प्रमाण साधारण साठ पाळ्यांत आणि वॉकचे सव्वाशेच्या आसपास पाळ्यांत बऱ्यापैकी विश्वासार्ह होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हेंडरसनची कहाणी येथेच उलगडते. अ‍ॅबर्डीनमध्ये तो सुमारे तीस टक्के वेळा स्ट्राइकआउट होत होता. २०२२च्या वसंतात बोवीला आल्यावर मात्र त्याचे वॉक स्ट्राइकआउटपेक्षा अधिक झाले. विशीतल्या खेळाडूने वरच्या पायरीवर जाऊन, अधिक चांगल्या पिचरांसमोर (गोलंदाजांसमोर), आपले सर्वांत मोठे वैगुण्य इतक्या झपाट्याने कमी करावे, ही मायनर लीगमधील सर्वांत महत्त्वाची बातमी असते आणि ती सरासरीच्या रकान्यात कधीच छापली जात नाही.

हॉलिडेच्या त्या एप्रिलविषयी म्हणाल, तर दोन हिट हा आकडा मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. ३४ अ‍ॅट-बॅट आणि दोन वॉक मिळून झालेल्या ३६ पाळ्यांत १८ स्ट्राइकआउट, म्हणजे बरोबर निम्मे, हा आकडा मात्र बोलका होता. बढतीपूर्वी तो ट्रिपल एमध्ये, म्हणजे नॉरफोकच्या सर्वांत वरच्या पायरीवर, दोन हंगाम मिळून तीस सामनेही खेळलेला नव्हता. त्या पायरीवर आणखी एक शंका ध्यानात ठेवावी लागते. २०२३पासून सर्व ट्रिपल ए मैदानांवर स्ट्राइक ठरवण्यासाठी स्वयंचलित यंत्रणा वापरात आली आणि त्या काळात तेथील वॉकचे प्रमाण फुगले. त्यामुळे २०२३ आणि २०२४मध्ये नॉरफोकला मिळालेले वॉक वाचताना थोडी घट गृहीत धरावी.

एक सोय मात्र मोठी झाली आहे. ट्रिपल एमधील प्रत्येक चेंडूचा वेग आणि बॅटवरून सुटलेल्या फटक्याची गती ‘बेसबॉल सॅव्हंट’ या संकेतस्थळावर २०२३पासून सर्वांना खुली आहे. पुण्यात बसून ती पाहणे धावफलकापेक्षा कितीतरी अधिक उपयुक्त ठरेल.

डेलमार्वाकर:

वरील प्रतिसादातील एकही आकडा मी नाकारणार नाही. मात्र मी साल्सबरीला राहतो, डेलमार्वाचे सामने कुंपणाजवळ बसून पाहतो आणि धावफलकात न मावणाऱ्या गोष्टींनीच माझे मत बनते. मायनर लीगमधील सामना जिंकण्यासाठी खेळला जातो, हा समज प्रथम दूर ठेवावा. एखाद्या पिचरला त्या रात्री ठरावीक संख्येने चेंजअप (फसवे संथ चेंडू) टाकण्याची सूचना दिलेली असते. तो चेंजअप मार खातो, धावफलकावर चार धावा चढतात आणि दूरवरचा वाचक निराश होतो, पण प्रशिक्षक समाधानाने घरी जातात. आपल्याकडच्या रणजी संघाचे तसे नसते, कारण तो संघ राज्य संघटनेचा असतो आणि त्याला स्वतःचा करंडक जिंकायचा असतो. डेलमार्वाचा संघ कितीही हरला तरी बाल्टिमोरच्या कार्यालयात कोणाची झोप उडत नाही.

दूर राहणाऱ्यालाही धावफलकात एक गोष्ट निश्चित दिसते, ती म्हणजे खेळाडूच्या नावापुढे लिहिलेली क्षेत्ररक्षणाची जागा. हॉलिडे शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधला क्षेत्ररक्षक) म्हणून निवडला गेला होता. तो सेकंड बेसवर अधिकाधिक दिसू लागला तेव्हाच शॉर्टस्टॉपची जागा हेंडरसनकडे राहणार हे उघड झाले. मेयो थर्ड बेसवरून फर्स्ट बेसकडे सरकला. सॅम्युएल बसायो हा कॅचर (यष्टिरक्षकासारखा) असूनही फर्स्ट बेसवर खेळवला जात असे, कारण मुख्य संघात कॅचर म्हणून अ‍ॅडली रचमन होता. जागा बदलणे म्हणजे संघाने त्या खेळाडूविषयी मांडलेले गणितच असते आणि ते कोणत्याही यादीच्या आधी प्रकट होते.

मेयोबाबत मी आणखी एक बाब जोडू इच्छितो. बाल्टिमोरच्या कॅम्डन यार्ड्स मैदानाची डावीकडची भिंत २०२२च्या हंगामापूर्वी मागे नेऊन उंच करण्यात आली होती आणि २०२५साठी ती पुन्हा पुढे आणली गेली. मधल्या तीन हंगामांत उजव्या हाताच्या फलंदाजाची ताकद त्या भिंतीने खाल्ली. अर्थात १७ सामन्यांतील .०९८चा दोष भिंतीवर टाकता येणार नाही, हे मान्य. तेथे वेगवान चेंडूपुढे होणारी त्याची तारांबळ मी स्वतः दूरदर्शन संचावर पाहिली आहे.

अनघा वि.:

दोघांनी खेळाविषयी लिहिले आहे. मला नियमांविषयी लिहायचे आहे, कारण अनेकदा खेळाडूची बढती त्याच्या बॅटवर नव्हे, तर कॅलेंडरवर ठरते.

हेंडरसनचे मुख्य संघातील पदार्पण ३१ ऑगस्ट २०२२ रोजी झाले. नवोदित हा दर्जा १३० अ‍ॅट-बॅट किंवा (पिचरने) ५० इनिंग ओलांडल्यावर, अथवा मुख्य संघात ४५ दिवस झाल्यावर संपतो. हेंडरसनने त्या वर्षी ११६ अ‍ॅट-बॅट घेतल्या आणि २०२३मध्ये तो नवोदित म्हणूनच मैदानात उतरला. २०२२च्या करारानुसार, मान्यताप्राप्त तीनपैकी किमान दोन याद्यांत पहिल्या शंभरांत असलेला नवोदित मुख्य संघात पूर्ण वर्षाची सेवा मिळवून सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार जिंकतो, तेव्हा त्याच्या संघाला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) एक जादा निवड बक्षीस मिळते. ओरिओल्सना अशीच २०२४च्या ड्राफ्टमधील ३२वी निवड मिळाली. तेव्हा याद्यांना किती महत्त्व द्यावे, या तुमच्या प्रश्नाचे एक रोकडे उत्तर असे की, खुद्द करारानेच त्यांना महत्त्व दिले आहे. बाकी, खेळाडू यादीतून अचानक नाहीसा झाला तर तो घसरला असे लगेच समजू नये; बहुधा त्याचा नवोदित दर्जा संपलेला असतो.

दुसरी तारीख हिवाळ्यातील रूल फाइव्ह ड्राफ्टची. अठरा वर्षांचा किंवा त्याहून लहान असताना करारबद्ध झालेल्या खेळाडूला साधारण पाच हंगामांत आणि त्याहून मोठ्याला चार हंगामांत मुख्य संघाच्या चाळीस जणांच्या यादीत घ्यावे लागते. न घेतल्यास दुसरा संघ त्याला उचलू शकतो, मात्र त्या संघाला पुढचा संपूर्ण हंगाम त्याला मुख्य संघात सांभाळावे लागते. ओरिओल्सनी २०१६च्या डिसेंबरमध्ये क्लीव्हलँडकडून अँथनी सांतांदेर याच मार्गाने मिळवला आणि २०२४मध्ये त्याने ४४ होमरन मारले. दर नोव्हेंबरमध्ये संघ कोणाला चाळिसांत घेतो आणि कोणाला उघडे ठेवतो, हे पाहणे मला वर्षभराच्या धावफलकांपेक्षा अधिक उद्बोधक वाटते, कारण त्या निर्णयात संघाला खरी किंमत मोजावी लागते.

जागेचा प्रश्न वेगळाच. २०२३-२४मध्ये ओरिओल्सकडे इनफिल्डर (बेसजवळचे क्षेत्ररक्षक) इतके होते की, जोई ऑर्टिझ आणि कॉनर नॉर्बी यांनी नॉरफोकला कितीही चांगला खेळ केला असता तरी वर जागा नव्हती. ऑर्टिझ हा डी. एल. हॉलसह पिचर कॉर्बिन बर्न्सच्या मोबदल्यात मिलवॉकीला गेला. नॉर्बी आणि काइल स्टावर्स हे पिचर ट्रेव्हर रॉजर्सच्या मोबदल्यात मायामीला गेले. स्टावर्स २०२५मध्ये ऑल-स्टार झाला आणि त्याच वर्षी रॉजर्सने १.८१चा ईआरए (पिचरने नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी; कमी तितकी चांगली) राखला. स्टावर्सची प्रगती ‘ओरिओल्सची’ म्हणून मोजायची की नाही, यावर वाद घालता येईल. मी तरी मोजते.

पहाटेचा प्रेक्षक:

तिघांचेही आभार. क्षेत्ररक्षणाच्या जागेचा मुद्दा मला अगदीच नवा आहे आणि तो आजपासूनच अमलात आणता येईल. पिचरांविषयी मात्र कोणी फारसे लिहिले नाही. ग्रेसन रॉड्रिगेझच्या वेळी मी पुरता गोंधळलो होतो. पिचरांसाठी निकष वेगळे असतात का?

आकडेमोड:

बरेच वेगळे असतात आणि खात्रीही कमी असते. मायनर लीगमध्ये मंगळवार ते रविवार अशी एकाच प्रतिस्पर्ध्याशी सहा सामन्यांची मालिका असते आणि सोमवारी बहुतेक सुट्टी असते. त्यामुळे सुरुवातीचा पिचर साधारण आठवड्यातून एकदाच टाकतो. मुख्य संघात त्याला पाच-सहा दिवसांनी परत उभे राहावे लागते, ते अधिक ताकदीच्या फलंदाजांसमोर आणि अधिक इनिंगसाठी. म्हणून खालच्या पायरीवरील ईआरएपेक्षा त्याने एका सामन्यात किती चेंडू टाकले आणि शेवटच्या इनिंगमध्ये त्याचा वेग किती टिकला, हे मी पाहतो.

रॉड्रिगेझ एप्रिल २०२३मध्ये मुख्य संघात आला आणि पहिल्या दहा सामन्यांत त्याचा ईआरए ७.३५ होता. मेअखेरीस तो नॉरफोकला परतला, जुलैमध्ये पुन्हा वर आला आणि हंगामाच्या उरलेल्या भागात त्याने २.५८ राखला. मधल्या काळातील नॉरफोकचे धावफलक तुम्ही वाचले असतील, तर त्यात बदलाचे कारण सापडले नसेल, कारण ट्रिपल एच्या फलंदाजांना तो आधीही सहज बाद करत होता. तेथे ‘सॅव्हंट’वर त्याच्या प्रत्येक प्रकारच्या चेंडूचा वेग आणि वापराचे प्रमाण महिन्यागणिक तपासावे. डबल ए आणि त्याखालच्या पिचरांच्या बाबतीत ही सोय जवळजवळ नसल्यामुळे डेलमार्वाकरांसारख्या कुंपणाजवळ बसणाऱ्यांच्या टिपणांवरच विसंबावे लागते, आणि ती त्यांनी येथे नियमितपणे द्यावीत अशी माझी त्यांना विनंती आहे.