रुग्णांचे स्वास्थ्य आणि परिचारिकांचे काम: दोष नेमका कुठे शोधावा?

प्रश्न (वॉर्डप्रमुख परिचारिका)

नमस्कार. गेल्या वर्षी माझ्याकडे शस्त्रक्रियेनंतरच्या तीस खाटांच्या वॉर्डाची जबाबदारी आली. रुग्ण घरी जाताना जो अभिप्राय लिहून देतात, त्यात दोन तक्रारी सातत्याने येत आहेत: बेल वाजवली तरी लवकर कोणी येत नाही आणि रात्री झोप मिळत नाही. व्यवस्थापनाने यावर उपाय म्हणून परिचारिकांसाठी संवादकौशल्याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण ठरवले आहे. प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. परंतु ज्या मुली संपूर्ण पाळीत पाणी प्यायलाही बसत नाहीत, त्यांना गोड बोलायला शिकवल्याने बेलपर्यंत पोहोचण्याचा वेळ कसा कमी होणार, हे मला उमगत नाही.

मागच्या आठवड्यात मी स्वतः एक रात्र वॉर्डात काढली. तीस रुग्णांना दोघी जणी होत्या. पहाटे चारच्या सुमारास त्यांपैकी एकीने सलाईनच्या बाटलीवरची चिठ्ठी लागोपाठ तीनदा वाचली. पहिल्या दोन वेळा अक्षरे डोक्यात शिरलीच नाहीत, असे तिने नंतर सांगितले. ही मुलगी कामचुकार नाही, उलट माझ्या वॉर्डातील सर्वांत काळजीपूर्वक काम करणाऱ्यांपैकी ती एक आहे. पुढच्या महिन्यातील बैठकीत मला याविषयी मुद्देसूद बोलायचे आहे. रुग्णांचे स्वास्थ्य आणि परिचारिकांच्या कामाचा दर्जा कशाकशावर अवलंबून असतो, याबाबत आपले अनुभव आणि माहिती मिळाल्यास मोठी मदत होईल.

उत्तर (निवृत्त अधिसेविका)

ताई, बैठकीत सर्वप्रथम मनुष्यबळाचा मुद्दा मांडा आणि तो आकड्यांनिशी मांडा. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील 168 रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडील सरासरी रुग्णसंख्या एकाने वाढली, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी अधिक आढळली, आणि त्याच एका वाढीव रुग्णामागे परिचारिकांमधील मानसिक थकव्याची शक्यता 23 टक्क्यांनी अधिक होती. हे दोन्ही आकडे एकाच अभ्यासातले आहेत, याकडे व्यवस्थापनाचे लक्ष वेधा. रुग्णाचे हित एका वहीत आणि परिचारिकेचे हित दुसऱ्या वहीत, अशी विभागणी आपल्याकडे सर्रास केली जाते आणि माझ्या मते सगळ्या चुकीच्या निर्णयांचे मूळ तिथेच आहे. कॅलिफोर्नियाने 1999 मध्ये कायदा करून आणि 2004 पासून तो अमलात आणून परिचारिका व रुग्ण यांचे किमान प्रमाणच ठरवून दिले, हेही सांगता येईल.

दुसरा मुद्दा पाळीच्या लांबीचा. सलग साडेबारा तास किंवा त्याहून अधिक काम झाल्यास चूक होण्याची शक्यता सुमारे तिपटीने वाढते, असे 2004 मधील एका अभ्यासात दिसले. ड्युटी चार्टवर पाळी आठ तासांची असते, पण पुढची परिचारिका आली नाही की तीच मुलगी पुढे थांबते. ते जादा तास कुठेच नोंदले जात नाहीत. आपल्या वॉर्डातील अशा तासांची नोंद आजपासूनच ठेवायला लागा.

उत्तर (अतिदक्षता विभागातील परिचारक)

वरील मताशी मी सहमत आहे, मात्र संख्येइतकाच महत्त्वाचा असणारा आणि बहुधा कोणाच्याच नजरेत न येणारा एक घटक म्हणजे कामात येणारा व्यत्यय. औषधांच्या फेरीचेच पाहा. मी ट्रॉली घेऊन निघतो, केसपेपर उघडतो, औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ पडताळतो, इंजेक्शन भरायला घेतो. तेवढ्यात नातेवाईक रिपोर्ट विचारतात, फोन वाजतो, डॉक्टर दुसऱ्या रुग्णाचा रक्तदाब विचारतात. परत वळतो तेव्हा सिरिंज अर्धी भरलेली असते आणि पडताळणी कुठपर्यंत झाली होती, ते आठवावे लागते. योग्य रीत अशी, की ती सिरिंज टाकून देऊन पहिल्यापासून सुरुवात करावी. गर्दीच्या वेळी ती किती जण पाळू शकतात, हे आपण सगळे जाणतो. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात (2010) औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे वैद्यकीय स्वरूपाच्या चुका सुमारे 12.7 टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. म्हणून फेरीच्या वेळेत फोन उचलायला आणि नातेवाइकांशी बोलायला एक व्यक्ती वेगळी नेमावी, अशी मागणी जरूर करा.

अतिदक्षता विभागात याला मॉनिटरच्या गजराची भर पडते. बहुतांश गजर तातडीच्या कारणासाठी नसतातच. रुग्णाने हात हलवला, पट्टी सुटली, एवढ्यानेही ते वाजतात. दिवसभर ऐकून कान बधिर होतात आणि ज्या गजराला धावायला हवे, तोही त्या गोंगाटात हरवण्याचा धोका असतो. प्रत्येक रुग्णाच्या प्रकृतीनुसार गजराच्या मर्यादा पाळीच्या सुरुवातीलाच ठरवून घेतल्याने आमच्या विभागात बराच फरक पडला.

उत्तर (एक माजी रुग्ण)

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, तरी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सतरा रात्री रुग्णालयात काढल्या असल्यामुळे लिहीत आहे. वेदनेवर औषध मिळत होते, झोपेवर मात्र काहीच इलाज नव्हता. ट्रॉलीच्या एका चाकाची करकर, नर्सिंग स्टेशनवरचे बोलणे, डोक्यावरचा कधीही न मालवणारा दिवा आणि पहाटे पाचला रक्त घ्यायला येणारा माणूस, या चार गोष्टी मला आजही आठवतात. वॉर्डात रात्री आवाजाची पातळी 30 डेसिबलपेक्षा जास्त नसावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, हे मला नंतर वाचनात आले. माझ्या वॉर्डात साधे कुजबुजणेही तेवढ्या आवाजात होत नसे.

बेलविषयी एक सांगावेसे वाटते. मी बेल वाजवत असे, ती बहुतेक वेळा पाण्यासाठी किंवा कूस बदलायला आधार हवा म्हणून. एक सिस्टर मात्र दर तासाला स्वतःहून डोकावत, "काही दुखतंय का, बाथरूमला जायचंय का, हाताशी सगळं आहे ना" एवढेच विचारत आणि मग "मी तासाभरात पुन्हा येते" असे सांगून जात. त्यांच्या पाळीत मी बेलला हात लावल्याचे आठवत नाही. कोणीतरी येणार आहे हे ठाऊक असले, की वाट पाहणे जड जात नाही.

उत्तर (परिचर्या महाविद्यालयातील अध्यापिका)

आपण संवादकौशल्याचे प्रशिक्षण अगदीच बाजूला सारू नये, असे मला मनापासून वाटते. वरच्या उत्तरातील सिस्टरांनी जे केले ते उत्तम संवादकौशल्यच आहे, फक्त ते वर्गात न शिकवता कामाच्या रचनेत बसवावे लागते. दर तासाची फेरी नियमित केल्यास बेल वाजण्याचे आणि रुग्ण पडण्याचे प्रमाण घटते, असे 2006 मध्ये अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत केलेल्या अभ्यासात आढळले होते. अर्थात तीस रुग्णांमागे दोघी जणी असतील तर अशी फेरी शक्य नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगायला हवे.

संख्येबरोबर शिक्षणाचाही विचार व्हावा. नऊ युरोपीय देशांतील चार लाखांहून अधिक रुग्णांच्या माहितीवर आधारित 2014 च्या अभ्यासात, पदवीधर परिचारिकांचे प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त असलेल्या रुग्णालयांत मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी कमी दिसली. हे सर्व अभ्यास परस्परसंबंध दाखवतात, थेट कार्यकारणभाव सिद्ध करत नाहीत. बैठकीत कोणी हा आक्षेप घेतल्यास तो मान्य करावा आणि मग आपल्या वॉर्डाच्या नोंदी पुढे ठेवाव्यात.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक महिनाभर मी तीन नोंदी ठेवायच्या ठरवल्या आहेत: पाळीनंतर थांबावे लागलेले तास, औषधांच्या फेरीतील व्यत्यय, आणि बेल कशासाठी वाजली त्याचे कारण. ट्रॉलीच्या चाकांना आजच तेल घातले. पहाटे पाचला रक्त घेणे बंद करावे, असे फार वाटते, पण डॉक्टरांच्या सकाळच्या फेरीपूर्वी रिपोर्ट हाती असावे लागतात. यावर कोणी मार्ग काढला आहे का?

उत्तर (निवृत्त अधिसेविका)

आम्ही काढला होता. डॉक्टरांच्या फेरीत त्याच वेळी ज्यांचे रिपोर्ट खरोखर लागतात, अशा रुग्णांची यादी आदल्या संध्याकाळी करायची आणि बाकीच्यांचे रक्त सात वाजता घ्यायचे. मात्र प्रयोगशाळेत सकाळी माणसे कधी येतात, ते आधी विचारून घ्या. आमची पहिली अडचण तिथेच आली होती.