क्लीव्हलँडचे बोहेमियन नॅशनल हॉल: सभागृह की राष्ट्राचे जन्मस्थान?

प्रश्न: अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात चेक स्थलांतरितांनी १८९७ च्या सुमारास उभारलेल्या बोहेमियन (म्हणजे चेक लोकांच्या बोहेमिया प्रांताच्या नावाच्या) नॅशनल हॉलचा उल्लेख चेकोस्लोव्हाकियाच्या स्थापनेच्या संदर्भात वारंवार येतो. कष्टकऱ्यांच्या एका सभागृहाला एवढे महत्त्व कसे प्राप्त झाले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: ऑक्टोबर १९१५ मध्ये याच वास्तूत चेक आणि स्लोव्हाक संघटनांच्या प्रतिनिधींनी क्लीव्हलँड करारावर सह्या केल्या. दोन्ही समाजांचे संघराज्य असावे आणि स्लोव्हाकांना स्वायत्तता मिळावी, अशी त्यातील मागणी होती. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेतीलच पिट्सबर्ग येथे चेक-स्लोव्हाकांच्या संयुक्त राज्याविषयी झालेल्या कराराची पूर्वतयारी मी यातच पाहतो.

उत्तर २: करार महत्त्वाचा खराच, परंतु माझ्या मते वास्तूचा खरा प्राण तिच्या रोजच्या वापरात आहे. ऑस्ट्रियन सत्तेखालील मायदेशात जपलेली भाषा परक्या मुलखात मुलांच्या तोंडी राहावी, यासाठी अशा सभागृहांत चेक भाषेचे वर्ग, नाटके आणि सोकोल या व्यायामसंस्थेची कवायत चालत असे. ही संस्था प्रागमध्ये १८६२ साली स्थापन झाली. सोकोल म्हणजे ससाणा. एकाच लाकडी जमिनीवर सकाळी कवायत आणि रात्री नृत्य, हे चित्र मला फार भावते.

उत्तर ३: न्यूयॉर्कच्या पूर्व ७३ व्या रस्त्यावरील चेक लोकांचे समकालीन सभागृहही पाहावे. मोडकळीस आलेली ती वास्तू तिथल्या चेक समाजाने २००१ मध्ये अवघ्या एका डॉलरला चेक सरकारच्या स्वाधीन केली आणि जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये ती पुन्हा खुली झाली.